एरंडेल : उपयोग, धोके आणि त्यांची कारणमीमांसा

१. प्रास्ताविक

एरंड हे झाड ठाऊक नाही असा मनुष्य महाराष्ट्रात विरळाच. गावाबाहेरच्या उकिरड्यावर, ओढ्याच्या काठी, रेल्वेच्या रुळांलगत ते आपोआप उगवते. त्यास कोणी मुद्दाम पाणी घालीत नाही आणि गुरेही सहसा तोंड लावीत नाहीत. भाषेतही त्याच्या वाट्यास फारसा मान आलेला नाही. निष्फळ लांबत जाणाऱ्या चर्चेस आपण ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ म्हणतो, आणि जेथे खरे वृक्ष नाहीत तेथे एरंडही वृक्ष म्हणून मिरवतो, अशा अर्थाचे संस्कृत सुभाषित तर शाळेतच कानावर पडते. असे असूनही याच झाडाच्या बियांचे तेल हजारो वर्षे दिव्यात जळत आले, औषधाच्या कपाटात राहिले, आणि आज रंग, वंगण, प्लॅस्टिक व औषधनिर्मिती या उद्योगांचा तो एक महत्त्वाचा कच्चा माल आहे. शिवाय याच बीमध्ये मानवास ज्ञात असलेल्या अत्यंत उग्र वनस्पतिज विषांपैकी एक विष आहे.

या दोन गोष्टी एकाच बीमध्ये नांदत असल्यामुळे विचारांचा मोठा घोटाळा होतो. एरंडेल रेचक का आहे, असा प्रश्न वर्गात विचारला असता ‘त्यात रायसिन हे विष अल्प प्रमाणात असते म्हणून’ असे उत्तर पुष्कळदा ऐकावयास मिळते. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे आहे. याच्या उलट दिशेची चूक तर अधिक घातक होय. एरंडेल औषधी आहे, तेव्हा एरंडाची बीही औषधीच असणार, आणि तेल काढून घेतल्यावर उरणारी पेंड तर निव्वळ चोथाच, असे अनेक जण गृहीत धरून चालतात. वस्तुतः तेलात विष नाही. विष आहे ते बीमध्ये आणि पेंडीत.

प्रस्तुत लेखाचा हेतू हा घोटाळा दूर करण्याचा आहे. ‘एरंड धोकादायक आहे काय?’ हा प्रश्न या स्वरूपात निरर्थक ठरतो. त्याऐवजी कोणते द्रव्य, किती मात्रेत आणि शरीरात कोणत्या मार्गाने, असे तीन प्रश्न विचारले म्हणजे उपयोग व धोका यांच्या सीमा आपोआप स्पष्ट होतात. पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे.

२. वनस्पती, नावे व पूर्वेतिहास

एरंडाचे शास्त्रीय नाव रिसिनस कम्युनिस असे आहे. हे नाव लिनीयसने १७५३ साली दिले. लॅटिन भाषेत ‘रिसिनस’ म्हणजे गोचीड. एरंडाची ठिपकेदार, एका टोकास लहानसा उंचवटा असलेली बी रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडीसारखी दिसते, हे ज्याने पाहिले आहे त्यास या नावाचे औचित्य सांगावयास नको. आपल्याकडील नावे पानांवरून व गुणांवरून पडलेली आहेत. हाताच्या पंजासारख्या पानामुळे ‘पंचांगुल’ व ‘गंधर्वहस्त’, आणि वातविकारांवरील उपयोगामुळे ‘वातारि’ ही नावे वैद्यकग्रंथांत येतात. युरोपातही या पानामुळे झाडास ख्रिस्ताचा तळहात असे म्हणत, हे साम्य लक्षणीय आहे. आसामकडील एरी रेशमाचे नावही एरंडाच्या तेथील नावावरूनच आले आहे, कारण त्या रेशमाचा किडा एरंडाची पाने खाऊन वाढतो.

या वनस्पतीचे मूलस्थान ईशान्य आफ्रिका असावे असे सामान्यतः मानण्यात येते. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एबर्स पपायरस या इजिप्तमधील वैद्यकीय लेखात एरंडाचे उल्लेख आहेत. आपल्याकडे चरकसंहितेत वातहर द्रव्यांमध्ये एरंडमुळास श्रेष्ठ स्थान दिलेले आहे.

विशेष उद्बोधक आहे ते हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तमधील तेलाचे केलेले वर्णन. तो म्हणतो की काही लोक बिया चेचून दाबून त्यांचे तेल काढतात, तर काही लोक त्या भाजून व उकळून तेल गोळा करतात. हे तेल दिव्यास ऑलिव्हच्या तेलाइतकेच चांगले, मात्र त्यास उग्र वास येतो. थंड दाबून काढणे आणि उष्णतेने काढणे या दोन पद्धती इतक्या प्राचीन आहेत. आपल्या खेड्यांतील घरगुती पद्धत यांपैकी दुसऱ्या प्रकारची होती. बिया भाजावयाच्या, कुटावयाच्या, पाण्यात घालून खळखळा उकळावयाच्या, वर तरंगणारे तेल अलगद काढून घ्यावयाचे आणि उरलेले पाणी उडून जावे म्हणून ते पुन्हा तापवावयाचे. ज्यांनी ही पद्धत शोधून काढली त्यांना प्रथिनांचे रसायनशास्त्र ठाऊक असणे शक्य नव्हते. तथापि तेल वेगळे करणे आणि विष नष्ट करणे ही दोन्ही कार्ये त्या उकळण्याने एकदम साधत होती, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. तेलाची घडण

बीच्या वजनाचा साधारण निम्मा भाग तेलाचा असतो. इतर वनस्पतितेलांप्रमाणेच एरंडेल हेही ग्लिसरॉल व मेदाम्ले यांच्या संयोगाने बनलेले असते. परंतु इतर तेलांत जेथे अनेक मेदाम्लांचे मिश्रण आढळते, तेथे एरंडेलात शेकडा ८५ ते ९० भाग एकाच मेदाम्लाचा असतो, व ते म्हणजे रिसिनोलिक अम्ल होय. या अम्लाच्या रेणूत कार्बनचे १८ अणू एका साखळीत असतात. नवव्या व दहाव्या अणूंमध्ये एक द्विबंध असतो, आणि बाराव्या अणूवर एक हायड्रॉक्सिल गट असतो. ऑलिव्ह किंवा शेंगदाणा यांच्या तेलातील ओलेइक अम्लाहून त्याचा फरक एवढाच की येथे हा एक हायड्रॉक्सिल गट अधिक आहे.

या एका गटाचे परिणाम मात्र दूरगामी आहेत. त्याच्यामुळे शेजारचे रेणू हायड्रोजनबंधांनी एकमेकांस धरून ठेवतात, म्हणून एरंडेल इतर तेलांपेक्षा कितीतरी दाट असते. त्याची श्यानता पाण्याच्या शेकडो पट भरते. त्याच्यामुळेच ते अल्कोहोलात सहज मिसळते आणि पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या हलक्या द्रावकांत मात्र नीट विरघळत नाही. सामान्य तेलांचे वर्तन याच्या नेमके उलट असल्यामुळे एरंडेल ओळखण्यासाठी व त्यातील भेसळ पारखण्यासाठी या गुणाचा उपयोग करण्यात येतो. द्विबंध, हायड्रॉक्सिल गट आणि अम्लगट अशा तीन ठिकाणी रासायनिक क्रिया घडवून आणता येत असल्याने उद्योगांस हे तेल इतके मोलाचे वाटते. शरीरावर होणारी त्याची क्रियाही या हायड्रॉक्सिलयुक्त अम्लाचीच क्रिया आहे.

४. रेचनक्रिया : उपयोग व धोका यांचे एकच मूळ

एरंडेल पोटात गेल्यावर ते स्वतः काहीच करीत नाही. लहान आतड्यातील लायपेज या वितंचकाने त्याचे विघटन होऊन रिसिनोलिक अम्ल मोकळे झाले म्हणजे क्रियेस प्रारंभ होतो. हे अम्ल आतड्याच्या अस्तरास चेतवते एवढे स्पष्टीकरण दीर्घकाळ पुरेसे समजले जाई. जर्मनीतील ऑफरमान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ही क्रिया नेमकी कोठे घडते ते दाखवून दिले. प्रोस्टॅग्लॅन्डिन ई-२ या द्रव्यासाठी पेशींवर असलेल्या ग्राहकांपैकी ईपी-३ नावाच्या ग्राहकास रिसिनोलिक अम्ल चेतना देते, आणि त्यामुळे आतड्याच्या भिंतीतील स्नायू आकुंचन पावतात. ज्या उंदरांमध्ये हा ग्राहक नव्हता त्यांच्यावर एरंडेलाची रेचनक्रिया झाली नाही.

याच प्रयोगमालेत गर्भाशयाचे स्नायूही त्याच ग्राहकाद्वारे आकुंचन पावतात असे आढळून आले. प्रसूती लांबली असता एरंडेल पाजण्याची प्रथा अनेक देशांत, आपल्याकडेही, होती. तिला काहीतरी शारीरिक आधार होता हे यावरून मान्य करावे लागते. परंतु शारीरिक आधार असणे आणि उपचार हितकर असणे या भिन्न गोष्टी आहेत. या विषयावरील उपलब्ध प्रयोगांचा कॉक्रेन संस्थेने २०१३ साली पुनर्विचार केला. त्यात तीन प्रयोग व २३३ स्त्रिया यांचा समावेश होता. एरंडेल घेतलेल्या सर्व स्त्रियांना मळमळीचा त्रास झाला, आणि उपचाराचा निश्चित लाभ सिद्ध करण्याइतका पुरावा त्या प्रयोगांतून मिळाला नाही. कळा सुरू व्हाव्यात म्हणून एरंडेल घेणे हे घरच्या घरी करण्याचे काम नव्हे, आणि गरोदरपणात कोष्ठशुद्धीसाठीही ते वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, हा निष्कर्ष यातून स्वाभाविकपणेच निघतो.

येथे उपयोग आणि धोका ही दोन वेगळ्या द्रव्यांची कार्ये नाहीत हे ध्यानात घ्यावे. ज्या आकुंचनामुळे कोठा साफ होतो तेच आकुंचन मर्यादेबाहेर गेले की पोटशूळ, जुलाब आणि शरीरातील पाणी व क्षार यांचा ऱ्हास घडवून आणते. प्रौढास रेचक म्हणून १५ ते ६० मिलीलिटर एवढी मात्रा एका वेळेस देण्यात येते व तिचा परिणाम साधारणतः २ ते ६ तासांत दिसतो. याच्या तुलनेत अन्नात आनुषंगिकपणे येणाऱ्या एरंडेलासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १९७९ साली घालून दिलेली दैनंदिन मर्यादा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ०.७ मिलिग्रॅम आहे. ५० किलोग्रॅम वजनाच्या मनुष्यास ती ३५ मिलिग्रॅम पडते. म्हणजे औषधाची लहानात लहान मात्राही तिच्या सुमारे चारशे पट भरते. कधीकाळी घ्यावयाचे औषध आणि रोजच्या आहारातील घटक यांतील हे अंतर आहे. आपल्या घरांतून तांदूळ व तूरडाळ यांना कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळून ठेवतात. असे धान्य शिजविण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुण्याचा गृहिणींचा रिवाज या दृष्टीने अगदी योग्य आहे.

मात्रा हेच शस्त्र कसे होऊ शकते याचे एक दुःखद उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. इटलीत १९२० नंतरच्या दशकात फॅसिस्ट टोळ्या आपल्या विरोधकांना पकडून बळजबरीने मोठ्या प्रमाणात एरंडेल पाजीत. अपमान हा त्यातील प्रमुख हेतू असला तरी अतिसाराने होणारी शरीराची हानी काही कमी नसे. या तेलात विषाचा लेशही नव्हता.

५. मार्गाचा प्रश्न : तान्ह्या मुलांचे फुप्फुस

द्रव्य तेच, मात्राही अल्प, आणि तरीही केवळ मार्ग चुकल्यामुळे अनर्थ ओढवतो, असा एक प्रकार आपल्या समाजात अद्याप घडतो. तान्ह्या बाळास एरंडेलाचे बोट चाटविणे अथवा चमच्याने ते पाजणे ही जुनी रीत आहे. मूल रडू लागले म्हणजे त्यास आडवे धरून, प्रसंगी नाक दाबून, तेल घशात ओतले जाते. काही ठिकाणी नाक मोकळे व्हावे म्हणून तेलाचे थेंब नाकपुडीतच सोडतात.

अशा वेळी तेल अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरण्याचा संभव फार असतो. पाणी किंवा दूध श्वासनलिकेत गेले तर मूल जोराने खोकते आणि ते बाहेर टाकते. तेल स्निग्ध व सौम्य असल्यामुळे ही प्रतिक्रिया पुरेशी उद्भवत नाही. ते नकळत खाली उतरते आणि फुप्फुसाच्या सूक्ष्म वायुकोशांत साचून राहते. त्यातून होणाऱ्या दाहास तैलजन्य न्यूमोनिया म्हणतात. हे तेल सहजी शोषले जात नसल्यामुळे आजार रेंगाळतो, आणि नेहमीच्या जंतुनाशक औषधांनी तो बरा होत नाही. दक्षिण भारतातील बालरुग्णांमध्ये या विकाराची निरीक्षणे १९७० नंतरच्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेली आहेत, आणि त्यांचा संबंध तेल पाजण्याच्या व नाकात घालण्याच्या चालीशी जोडण्यात आला आहे.

आजीने नातवास द्यावयाचे औषध म्हणून एरंडेलाविषयी घरोघरी जी आस्था असते तिचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु ज्या वयात मुलास गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ नीट साधत नाही, त्या वयात कोणतेही तेल घशात किंवा नाकात घालू नये, हे तितक्याच आस्थेने घरोघरी पोचविले पाहिजे.

६. रायसिन : बीमधील विष

आता आपण तेलातून निघून बीकडे वळू. एस्टोनियातील डॉर्पाट येथील विद्यापीठात (हे नगर आज टार्टू या नावाने ओळखले जाते) रूडॉल्फ कोबर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली हेरमान श्टिलमार्क या विद्यार्थ्याने १८८८ साली आपला प्रबंध सादर केला. एरंडाच्या बीमधील विषारी प्रथिन त्याने वेगळे केले व त्यास ‘रायसिन’ हे नाव दिले. हे प्रथिन रक्तातील तांबड्या पेशींच्या गुठळ्या करते असेही त्यास आढळले. वनस्पतींमधील लेक्टिन वर्गाच्या प्रथिनांचा अभ्यास येथूनच सुरू झाला असे मानतात. त्यानंतर थोड्याच वर्षांत पाऊल एर्लिख याने उंदरांना रायसिन अत्यल्प प्रमाणात देऊन त्यांच्यात प्रतिकारशक्ती निर्माण होते हे दाखविले. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका प्रबंधातून दोन शास्त्रशाखांना चालना मिळाल्याचे हे उदाहरण आमच्या वाचकांना विशेष मननीय वाटावे.

रायसिनचा रेणू दोन साखळ्यांचा असून त्या एका गंधकबंधाने जोडलेल्या असतात. त्यांपैकी ‘बी’ साखळी पेशीच्या पृष्ठभागावरील गॅलॅक्टोजयुक्त शर्करांना चिकटते व रेणूला पेशीच्या आत प्रवेश मिळवून देते. ‘ए’ साखळी आत गेल्यावर प्रत्यक्ष नाश घडविते. हा नाश कसा होतो याचा उलगडा एंडो व त्सुरुगी या जपानी संशोधकांनी १९८७ साली केला. पेशीत प्रथिने तयार करणारे जे रायबोसोम असतात, त्यांच्या मोठ्या रायबोन्यूक्लिइक अम्लातून ‘ए’ साखळी अ‍ॅडेनीनचा केवळ एक रेणू, एका ठरावीक जागेवरून, काढून टाकते. त्या एका रेणूच्या अभावी तो रायबोसोम कायमचा निकामी होतो. ‘ए’ साखळी स्वतः वितंचक असल्यामुळे एक रायबोसोम संपवून ती दुसऱ्याकडे वळते. तिचा एक रेणू दर मिनिटास हजाराहून अधिक रायबोसोम निकामी करू शकतो. विषाच्या उग्रतेचे रहस्य हे आहे. वनस्पती स्वतःचे संरक्षण कसे करते, असा प्रश्न येथे उद्भवतो. बीमध्ये हे प्रथिन प्रथम दोन्ही साखळ्या एकत्र जोडलेल्या अशा निष्क्रिय स्वरूपात तयार होते, आणि प्रथिनसंचयाच्या बंदिस्त कोशिकांत पोचल्यावरच ते सक्रिय स्वरूपात येते.

व्यवहाराच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, रायसिन हे प्रथिन असल्यामुळे ते पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून बी दाबली असता ते पेंडीबरोबर मागे राहते. दुसरी, पुरेशा उष्णतेने त्याची घडण मोडते. औषधी एरंडेल तयार करताना त्यास वाफ देण्यात येते, ती बीमधील कोणत्याही प्रथिनाचा अंश उरू नये म्हणून. घरगुती पद्धतीतील उकळण्यानेही हेच साधत असे. तिसरी, बी अखंड गिळली गेल्यास तिच्या कठीण कवचामुळे ती पुष्कळदा तशीच बाहेर पडते. चावून खाल्ल्यास मात्र विष मोकळे होते. यामुळेच अमुक बिया खाल्ल्या असता मृत्यू येतो असा ठोकळ आकडा सांगणे अयोग्य होय. बी किती चावली गेली, खाणाऱ्याचे वय व वजन काय, यांवर परिणाम अवलंबून असतो.

बी चावून खाल्ल्यानंतर काही तास काहीच लक्षणे दिसत नाहीत, आणि मग उलट्या, पोटदुखी व जुलाब सुरू होतात. हा मधला काळ फसवा असतो. या विषावर उतारा उपलब्ध नाही. तथापि शरीरातील पाणी व क्षार वेळेवर भरून काढले तर बी खाल्लेले बहुसंख्य रुग्ण वाचतात असा वैद्यकीय अनुभव आहे. म्हणून लक्षणांची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे हाच खरा उपाय आहे.

याच ठिकाणी एका नामसाम्याचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. कुंपणास लावतात तो मोगली एरंड (जॅट्रोफा कर्कस) याच कुलातील असला तरी निराळी वनस्पती आहे. त्याच्या बिया चवीस बऱ्या लागत असल्याने शाळकरी मुले त्या खातात व विषबाधेच्या वार्ता महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांतून वरचेवर येतात. मोगली एरंडातील फोर्बॉल एस्टर हे विषारी घटक तेलात विरघळणारे आहेत. त्यामुळे त्याचे तेलही विषारी असते. एकाचे तेल पोटात घेता येते म्हणून दुसऱ्याचेही घेता येईल, हे अनुमान किती घातक आहे ते यावरून कळून येईल.

शुद्ध रायसिनचा दुरुपयोगही झालेला आहे. बल्गेरियन लेखक गिओर्गी मार्कोव्ह यांच्यावर लंडनमध्ये सप्टेंबर १९७८ मध्ये हल्ला झाला व चारच दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या पायात टाचणीच्या डोक्याएवढी धातूची गोळी सापडली व तिच्यातून रायसिन दिले गेले असावे असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. १९९७ साली अंमलात आलेल्या रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्या परिशिष्टात रायसिनचा समावेश आहे. उलटपक्षी ‘ए’ साखळी प्रतिद्रव्यांस जोडून कर्कपेशींवर नेमका मारा करण्याचे प्रयत्नही झाले. मात्र रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याच्या दुष्परिणामामुळे त्यांना मर्यादा पडल्या.

७. पेंड व धूळ : ज्यांच्याकडे लक्ष जात नाही ते धोके

रायसिनची कथा नाट्यमय असल्यामुळे तिचा बोलबाला फार होतो. परंतु प्रत्यक्षात ज्यांचे आरोग्य एरंडामुळे धोक्यात येते ती माणसे निराळी आहेत. गिरणीत बिया फोडणारा मजूर, पेंडीची पोती उचलणारा हमाल, शेतात पेंड विसकटणारा शेतकरी यांचा विचार येथे करावयाचा आहे.

एरंडीची पेंड नायट्रोजनयुक्त असल्यामुळे खत म्हणून तिला चांगली मागणी असते व फळबागांतून ती मोठ्या प्रमाणावर वापरतात. खत म्हणून ती उत्तम आहे यात शंका नाही. परंतु उष्णतेचा पुरेसा संस्कार न झालेली पेंड जनावरांच्या खाण्यात आल्यास विषबाधा होते. हाडांच्या चुऱ्यात मिसळून बागेत टाकलेली पेंड कुत्री वासाने उकरून खातात व दगावतात. म्हणून पेंड मातीत नीट गाडावी, आणि सरकी किंवा शेंगदाणा यांच्या पेंडीशेजारी ती कधीही साठवू नये.

बीमध्ये रायसिनहून भिन्न असा आणखी एक प्रथिनवर्ग आहे, व तो तीव्र अधिहर्षता (अ‍ॅलर्जी) उत्पन्न करतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातील टोलेडो शहरात एका एरंडेल-गिरणीच्या आसपास राहणाऱ्या लोकांत दम्याचे अनेक रुग्ण आढळले; गिरणीतून वाऱ्याबरोबर येणारी धूळ हे त्याचे कारण असल्याचे फिग्ली व एलरॉड यांनी १९२८ साली दाखविले. हे रुग्ण गिरणीत कामास नव्हते. ते केवळ शेजारी राहात होते. फिग्ली यांनीच पुढे १९५० साली अशी नोंद केली की एरंडीसाठी वापरलेल्या गोणपाटाच्या पिशव्या पुन्हा वापरात आल्याने त्यांत भरलेल्या कच्च्या कॉफीची धूळही कामगारांना बाधते. ब्राझीलमध्येही एरंडीच्या धुळीमुळे साथीसारखा पसरलेला दमा १९५४ साली वर्णिला गेला.

या प्रथिनांची घडण गंधकबंधांनी घट्ट बांधलेली असते, त्यामुळे ती उष्णतेस दाद देत नाहीत. उष्णतेने पेंड रायसिनच्या दृष्टीने निर्विष झाली तरी तिची धूळ अधिहर्षतेच्या दृष्टीने निरुपद्रवी होत नाही. ‘भाजून निर्विष केलेली पेंड’ हे वर्णन गुरांपुरते खरे असेल. ती पोती हाताळणाऱ्या मजुरापुरते ते खरे नाही. एका धोक्यावरील उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही, हे कारखान्याच्या व्यवस्थापकांनी व खतविक्रेत्यांनी ध्यानात ठेवणे अत्यंत अगत्याचे आहे. धूळ उडू न देणे, तोंडानाकावर योग्य मुखपट्टी वापरणे, गोणपाटे दुसऱ्या मालासाठी न वापरणे आणि दम्याचा त्रास सुरू झालेल्या कामगारास त्या कामातून हलविणे हेच येथील उपाय होत.

८. उद्योगातील रूपांतरे

एरंडीच्या उत्पादनात भारताचा वाटा जगात सर्वांत मोठा आहे, आणि भारतात गुजरातचा. गुजरातमध्ये १९६८ साली प्रसृत झालेल्या जीसीएच-३ या संकरित वाणाने या पिकाच्या विस्तारास मोठा हातभार लावला. या तेलाची मागणी कोठून येते याचे उत्तर पूर्वोक्त रासायनिक घडणीतच सापडते.

गंधकाम्लाची क्रिया केली असता ‘टर्की रेड ऑइल’ मिळते; लाल रंगाच्या कापडरंगाईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्याचा वापर झाला. पाण्याचा रेणू काढून टाकल्यास दुसरा द्विबंध तयार होऊन ते वाळणारे तेल बनते व रंग-वार्निशांत उपयोगी पडते. हायड्रोजन मिळविल्यास मेणासारखा घन पदार्थ होतो आणि त्यापासून लिथियम-ग्रीज करतात. अल्कलीबरोबर तापविल्यास सेबॅसिक अम्ल, आणि त्याच्या मिथिल एस्टरचे उच्च तापमानास विघटन केल्यास अंडेसिलिनिक अम्ल मिळते. पहिल्यापासून नायलॉन-६,१० व दुसऱ्यापासून नायलॉन-११ तयार होते. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या एंजिनांत एरंडेलच वंगण म्हणून वापरीत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळून पातळ होत नसे. तिसऱ्या विभागात सांगितलेला प्रयोगशाळेतील परीक्षेचा गुणच येथे आकाशात कामी आला.

ही रूपांतरे निर्धोकच असतात असे मात्र नाही. एरंडेलावर इथिलीन ऑक्साइडची क्रिया करून ‘क्रेमोफोर’ नावाचा विद्रावक तयार करतात. पाण्यात न विरघळणारी औषधे शिरेतून देण्यासाठी तो वापरला जातो. कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. या विद्रावकामुळे काही रुग्णांत तीव्र अधिहर्ष-प्रतिक्रिया उद्भवतात असे दिसून आल्याने औषध देण्यापूर्वी प्रतिबंधक उपचार करावे लागतात. पुढे त्याशिवाय, अल्ब्युमिनशी निगडित अशा स्वरूपात तेच औषध तयार करण्यात आले व अमेरिकेत त्यास २००५ साली मान्यता मिळाली. येथे दोष रायसिनचा नाही, बीमधील अधिहर्षक प्रथिनांचाही नाही. नव्याने घडविलेल्या द्रव्याचा तो स्वतंत्र गुण आहे, आणि त्याची परीक्षाही स्वतंत्रपणेच करावी लागते.

९. समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. एरंडाशी निगडित धोके एका जातीचे नाहीत. रेचन व गर्भाशयाचे आकुंचन ही रिसिनोलिक अम्लाची क्रिया असून तेथे मात्रा निर्णायक ठरते. तान्ह्या मुलाच्या फुप्फुसाचा विकार हा मार्गाचा प्रश्न आहे. विषबाधा रायसिनमुळे होते. तिचे स्थान बी व पेंड हे असून उष्णता हा तिच्यावरील उपाय आहे. दमा हा वेगळ्याच प्रथिनांचा परिणाम असून उष्णतेने तो टळत नाही. एका कारणाचे ज्ञान दुसऱ्यावर लादले की एकतर निष्कारण भीती उत्पन्न होते, नाहीतर खोटी निर्धास्तता. आणि या दोहोंपैकी खोटी निर्धास्तताच जास्त अपाय करते.

आमच्या विभागात तेलबियांवर प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी यातून काही साधे नियम निघतात. एरंडाच्या बिया वाऱ्यावर उघड्या दळू नयेत. मुखपट्टी व हातमोजे वापरावेत. उरलेला चोथा उकळून, नाव लिहिलेल्या भांड्यात स्वतंत्र ठेवावा व कचऱ्याच्या पेटीत उघडा टाकू नये. आणि प्रयोगशाळेत काढलेले तेल, ते कितीही स्वच्छ दिसले तरी, औषध म्हणून कोणास देऊ नये. घरी गेल्यावर लहान भावंडांना मोगली एरंडाच्या बियांविषयी सावध केले, आणि बाळाच्या नाकात तेल सोडणाऱ्या वडीलधाऱ्यांना विनयाने थांबविले, तर या विषयाच्या अभ्यासाचे चीज झाले असे म्हणता येईल.